कर्लीच्या काठी तंबूतले तीन दिवस

आमच्या घरांतून प्रवास होतो तो बहुधा कोणाच्या तरी लग्नाला, बारशाला किंवा दुखल्याखुपल्याला. वर्षातून एकदा दीक्षाभूमी किंवा चैत्यभूमी. सुट्टी लागली की गाव. गावी गेले की बाईमाणसांना चूल आणि विहीर चुकत नाही, पुरुषांना जमिनीच्या कज्जाच्या गोष्टी चुकत नाहीत. नुसते पाहायला, नुसते बसायला म्हणून कोठे जावे, ही गोष्ट आमच्या आईच्या पिढीला ठाऊकच नव्हती. म्हणून गेल्या डिसेंबरात आम्ही चार कुटुंबांनी तारकर्लीला नदीकाठी तंबूत राहण्याचा बेत केला, तेव्हा आईचा पहिला प्रश्न होता, "तिथे कोण आहे आपलं?"

तिथे आपले कोणी नव्हते. तरीही आम्ही गेलो. एकूण तेरा माणसे. सर्वांत मोठी आई, वय 76. सर्वांत लहान आमची सात वर्षांची भाची. एकाच चाळीत लहानाचे मोठे झालेलो आम्ही आता बदलापूर, ऐरोली, पनवेल असे पांगलो आहोत. एकत्र राहण्याला निमित्त हवे होते. आमचा एक भाचा डोंगर चढणारा आहे. चार तंबू त्याने मित्रांकडून मिळवले आणि जागाही त्यानेच शोधली. कर्ली नदीच्या काठी, एका मासेमारी करणाऱ्या कुटुंबाच्या माडाच्या बागेत. फोनवर त्या घरच्या काकांनी आडनाव विचारले नाही, गाव विचारले नाही. एवढेच म्हणाले, "किती माणसां येतलास?"

रात्रीच्या कोकणकन्या गाडीने निघालो आणि सकाळी कुडाळला उतरलो. 1998 साली कोकण रेल्वे पूर्ण सुरू होण्याआधी हाच प्रवास एस.टी.त अख्खी रात्र अंग आंबवून करावा लागे. कुडाळहून मालवण सुमारे 30 किलोमीटर आणि मालवणहून तारकर्ली आणखी सहा-सात. दुतर्फा काजू, फणस, आंबा. रस्ता जसा समुद्राकडे सरकतो तशी तांबडी माती संपते आणि पांढरी पुळण सुरू होते.

तारकर्लीची जागा नकाशावर पाहिल्याशिवाय नीट कळत नाही. कर्ली नदी पूर्वेकडून, कुडाळ तालुक्यातून वाहत येते. समुद्र अगदी हाकेवर आल्यावर ती सरळ जाऊन त्याला मिळत नाही. दक्षिणेकडे वळते आणि समुद्राला समांतर वाहत जाऊन देवबागच्या टोकाला, भोगव्याच्या समोर, समुद्रात शिरते. लाटा किनाऱ्याने वाळू वाहून आणतात, ती वाळू नदीच्या तोंडाशी साठत जाते आणि नदीला वाट बदलावी लागते. असा हा वाळूचा चिंचोळा पट्टा तयार झाला आहे. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला नदी, मध्ये माड, घरे आणि एक रस्ता. काही ठिकाणी रस्त्यावर उभे राहून दोन्हीकडचे पाणी दिसते. समुद्राकडे सुरूची झाडी आणि सुट्टीच्या दिवसांत माणसांची गर्दी, छत्रीची उड्डाणे, मोटारबोटी. नदीकडे मात्र सगळे शांत. आमची बाग नदीकडची होती. काठाला कांदळवन, मागे माड, उंडी आणि भेंडीची झाडे. रस्त्यापासून पायवाटेने आत गेले की गाड्यांचा आवाजही येईनासा होतो.

आम्ही पोहोचलो तेव्हा अकरा वाजत आले होते. पौर्णिमेचा दिवस. नदी काठोकाठ भरलेली. काकांनी बागेच्या वरच्या बाजूला, घराजवळची जागा दाखवली. माडाच्या बुंध्याखाली तंबू मारू नका, झावळी नाहीतर नारळ डोक्यात पडेल, असेही बजावले. ते आम्ही ऐकले. पण दुपारी ओहोटी लागली आणि पाणी दूर दूर सरकले. खाली स्वच्छ, सपाट वाळू उघडी पडली. आम्हां शहरातल्या माणसांना ती जागा पाहून मोह आवरेना. सकाळच्या भरतीची ओली रेघ दिसत होती. त्या रेघेच्या चार हात वर तंबू मारले म्हणजे झाले, असा हिशेब आम्ही केला. काकांनी मान हलवली. "थंय नको, वायच वर मारा," ते म्हणाले. आम्ही हसून वेळ मारून नेली. आईलाही नदी पाहायची होती, म्हणून तिचा तंबू सर्वांत खाली. तिच्यासोबत भाची.

वाळूत तंबू उभा करणे हे एक कामच होते. लोखंडी खुंट्या वाळूत धरत नाहीत, हाताने उपटून येतात. भाच्याने युक्ती केली. तांदळाच्या रिकाम्या पिशव्यांत वाळू भरली, त्यांना दोर बांधला आणि त्या हातभर खोल पुरल्या. मग मात्र तंबू घट्ट बसले. वाचकांपैकी कोणी समुद्रकाठी तंबू मारणार असतील तर ही युक्ती लक्षात ठेवावी.

निघतानाच आम्ही एक नियम केला होता. तीन दिवस बायकांनी चुलीकडे फिरकायचे नाही. पुरुषांनी तीन दगड मांडून, वाळलेल्या झावळ्या पेटवून भात केला. खालचा थर करपला, वरचा कच्चा राहिला. मधला चांगला होता. तो आम्ही मुलांना दिला. घरच्या काकींनी बांगड्याचे तिखले आणि सोलकढी पाठवली म्हणून त्या रात्री सर्वांचे जेवण झाले. आईला आयते ताट हातात घेऊन बसायची सवय नाही. ती दोनदा उठली, दोनदा आम्ही तिला बसवले. तिसऱ्यांदा ती स्वतःच म्हणाली, "बसते बाई. कसं वाटतं ते बघते तरी."

चांदणे पडले. एका कानाला समुद्राची गाज, दुसऱ्या कानाला काहीच नाही, कारण नदी आवाज करीत नव्हती. दहाच्या पुढे सगळे झोपले.

अकराच्या सुमारास भाचीच्या हाकेने जाग आली. "आजी ओली झाली!" बाहेर येऊन पाहतो तो नदी तंबूत. घोटाभर पाणी, पण चढत होते. चुलीचे दगड बुडाले होते, एक चप्पल तरंगत चालली होती. आईला दोघांनी उचलून वर आणले, भाचीला एकाने कडेवर घेतले. अंधारात दोरांना पाय अडकत होते. तेवढ्यात बॅटरी घेऊन काका आले. त्यांच्या मागे काकी आणि त्यांचा मुलगा. कोणी एक शब्द बोलले नाही. पुरलेल्या पिशव्यांचे दोर कापले आणि चारही तंबू जसेच्या तसे उचलून वर नेले. पंधरा-वीस मिनिटांत सर्व आटोपले. कोणाला इजा झाली नाही. तांदूळ, अंथरुणे आणि एक मोबाईल एवढे भिजले. आई थरथरत होती. थंडीने की भीतीने, ते तिने सांगितले नाही. काकींनी तिला घरात नेऊन कोरडे लुगडे दिले आणि काळा चहा पाजला.

चूक कोठे झाली, ते काकांनी सकाळी समजावले. भरती दिवसातून दोनदा येते, हे आम्हांला ठाऊक होते. रोज ती सुमारे पाऊण तास उशिरा येते आणि अमावास्या-पौर्णिमेला उधाण असते, हेही वाचून ठाऊक होते. परंतु दिवसातल्या दोन भरत्या सारख्या नसतात, हे मात्र ठाऊक नव्हते. "थंडीत रातची भरती मोठी आसता," काका म्हणाले. पावसाळ्यात उलटे, दिवसाची मोठी. आम्ही सकाळच्या रेघेवर विश्वास ठेवला आणि रात्रीची भरती तिच्याहून वर आली. काठावर काटक्या, पाने, शिंपले यांची जी सर्वांत वरची वाळकी ओळ असते, ती खरी खूण. आमचे तंबू तिच्या खाली होते. ती ओळ आम्ही कचरा समजलो होतो.

सकाळी भिजलेली अंथरुणे धुवायला विहिरीवर गेलो. ही विहीर पाहून आम्ही थक्क झालो. शंभर पावलांवर खारी नदी, पलीकडे समुद्र, आणि मध्ये या वाळूत गोड पाणी. मालवणच्या सिंधुदुर्ग किल्ल्यातही दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव अशा तीन गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. 25 नोव्हेंबर 1664 रोजी शिवाजी महाराजांनी ज्या कुरटे बेटावर तो किल्ला बांधायला घेतला, त्याच्या चारी बाजूंना समुद्र. गोडे पाणी नसते तर तिथे शिबंदी राहिली कशी असती?

वाळूच्या पट्ट्यातल्या विहिरीचे रहस्य साधे आहे. या जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. ते पाणी वाळूत मुरते. गोडे पाणी खाऱ्या पाण्याहून हलके, म्हणून ते खाली मुरलेल्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहते. विहीर त्या वरच्या थरापुरतीच खणायची. मात्र उपसा जास्त झाला की गोडा थर पातळ होतो आणि खालचे खारे पाणी वर चढते. एकदा विहीर खारी झाली की ती पुन्हा गोडी व्हायला पुढच्या पावसाची वाट पाहावी लागते. मे महिन्यात पाणी मचूळ लागते, असे काकी म्हणाल्या. पंप त्यांनी मुद्दाम बसवलेला नाही. राहाटाने ओढायचे, म्हणजे हाताला कळते किती ओढले ते.

काकींनी दोर आईच्या हाती दिला. "आजी, सावकाश ओढा," म्हणाल्या आणि कपडे वाळत घालायला निघून गेल्या. आई दोर धरून जरा वेळ तशीच उभी राहिली. तिच्या लहानपणी गावच्या विहिरीवर तिला दोर धरता येत नसे. घागर खाली ठेवून बाजूला उभे राहायचे आणि कोणाला दया येईल तेव्हा वरून पाणी पडायचे. कधी तास, कधी दोन तास. हे तिने आम्हांला अनेकदा सांगितलेले आहे. त्या सकाळी मात्र तिने काही सांगितले नाही. बादली सोडली, ओढली, ओंजळीने पाणी प्यायली. "गोड आहे," एवढेच म्हणाली.

नंतर विहिरीचा सगळा कारभार तिने आपल्याकडे घेतला. अंथरुणांना दोन बादल्या, अंघोळीला माणशी एक, भांडी आधी वाळूने घासायची आणि मग अर्ध्या बादलीत विसळायची. आमच्यातला एकजण सकाळी दुसऱ्या बादलीला हात घालू लागला, तेव्हा त्याला तिने सर्वांदेखत दटावले. "पाणी कसं पुरवायचं ते मला विचारा," ती म्हणाली. ज्या बाईला एका घागरीसाठी उन्हात उभे राहावे लागले, तिच्याइतके चांगले हे कोण शिकवणार? तीन दिवसांत आम्ही तेरा माणसांनी जितके पाणी वापरले, तितके घरी एका दिवसात वापरतो.

त्याच दुपारी दुसरा प्रसंग. तीन वाजता ओहोटी जोरात लागलेली. पुढे देवबागजवळ नदीच्या पात्रात एक वाळूचे बेट आहे. 26 डिसेंबर 2004 च्या सुनामीनंतर ते वर आले, असे लोक सांगतात. म्हणून त्याला सुनामी बेट हेच नाव पडले आहे. आमचा अकरावीतला मुलगा नगरपालिकेच्या तलावात पोहायला शिकलेला. पाणी संथ दिसते, त्या दिशेने पोहत जाऊन परत येतो, म्हणाला आणि शर्ट काढून कमरेपर्यंत गेलासुद्धा. काका जाळे विणत बसले होते. ते उठून धावतच आले. "उतरू नकात! पाणी भायर ओढता!"

मुलाला राग आला. काकांनी वाद घातला नाही. एक वाळकी नारळाची सोडणे उचलली आणि पात्रात फेकली. क्षणभर ती जागेवर डुलली, मग चालू लागली आणि बघता बघता देवबागच्या दिशेने दिसेनाशी झाली. वरून पाणी स्वस्थ, पण भरतीने आत आलेले आणि नदीने आणलेले असे दोन्ही पाणी ओहोटीला एकाच तोंडातून बाहेर पडत असते. जिथे नदी समुद्राला मिळते तिथे ओढ सर्वांत जास्त. पट्टीचा पोहणाराही तिच्याविरुद्ध पोहू शकत नाही. मुलगा काही बोलला नाही, शर्ट घालून आजीजवळ येऊन बसला.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. 2022 च्या मे महिन्यात तारकर्लीच्या समुद्रात पर्यटकांची बोट उलटून माणसे दगावली. पाण्याची मौज स्वस्त नसते. बोटीत बसताना अंगात जीवरक्षक जाकीट हवेच, लहान मुलांना त्यांच्या मापाचे. नावाड्याने दिले नाही तर मागून घ्यावे आणि नसेल तर बोटीत बसू नये. बोटीत माणसे जास्त भरली असतील तर उतरावे. यात लाज कसली?

संध्याकाळी पाणी पडले तेव्हा काकांनीच आम्हांला होडीतून संगमाच्या अलीकडे फिरवून आणले. सर्वांना जाकिटे, आईलाही. नारिंगी जाकीट घालून ती होडीत मधोमध बसली आणि दोन्ही हातांनी फळी घट्ट धरून राहिली. कांदळवनाची मुळे ओहोटीत उघडी पडली होती. चिखलातून वर आलेल्या त्या मुळ्यांनी ही झाडे श्वास घेतात. त्यांच्या पायाशी मासे आणि खेकडे वाढतात आणि काठ ढासळत नाही. 2005 साली मुंबई उच्च न्यायालयाने राज्यातल्या कांदळवनाच्या तोडीला मनाई केली, त्याचे महत्त्व तिथे बसून कळते. एक खंड्या सूर मारून मासा घेऊन गेला. ब्राह्मणी घारी डोक्यावर फिरत होत्या. देवबागला समुद्राच्या बाजूने मोठमोठ्या दगडांचे बंधारे घातलेले आहेत, कारण पावसाळ्यात समुद्र किनारा खातो. ज्या वाटेने वाळू आली, त्याच वाटेने ती जाऊही शकते. सिंधुदुर्गाला 1997 साली पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर केले, त्यानंतर येथे माणसांचा ओघ वाढला. येणाऱ्यांमुळे घरे चालतात, हे खरे. पण एवढ्याशा पट्ट्यावर किती विहिरी आणि किती पंप चालतील, हा प्रश्न काकांच्या घरात रोजचा आहे.

तिसऱ्या दिवशी पहाटे समुद्राकडे रापण ओढताना पाहिली. होडी अर्धवर्तुळ काढून लांबच लांब जाळे टाकते आणि त्याची दोन टोके किनाऱ्यावरची माणसे ओढतात. पुरुष, बायका, पोरे, जो असेल तो दोराला लागतो. मासळी मिळेल ती वाट्याने वाटली जाते. आम्हीही दोर धरला. हातांना फोड आले. जाळ्यात फार काही नव्हते, थोडी तारली आणि पेडवे. निघालो तर एका म्हाताऱ्याने पानात बांधून मासे आणून दिले. आम्ही नको म्हणालो. "रशी ओढली, वाटो घेवक् होयो," तो म्हणाला. मासे घेतले. त्या दिवशीचा भात पुरुषांनी अजिबात करपवला नाही, हेही नोंदवले पाहिजे.

निघण्यापूर्वी आम्ही चूल पाण्याने विझवली, राख पुरली, पिशव्यांतली वाळू परत ओतली. आमचा स्वतःचा कचरा दोन पोती झाला. त्यातले बहुतेक प्लास्टिक. ते गावात टाकून न येता सोबत घेतले. काकांनी पैसे घेतले ते ठरले तेवढेच. भिजलेल्या रात्रीच्या कामाचे म्हणून आम्ही अधिक देऊ लागलो तर घेतले नाहीत. आईने काकींना आपली एक नवी साडी दिली, ती मात्र काकींनी घेतली.

ज्यांना जायचे असेल त्यांच्यासाठी थोडे सांगतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला. पावसाळ्यात जाऊ नये. पौर्णिमा-अमावास्या टाळली तर उत्तम, नाही तर तंबू वाळक्या ओळीच्या बराच वर मारावा. बॅटरी प्रत्येकाकडे हवी. रात्री बॅटरीशिवाय पाऊल टाकू नये, साप-विंचू असतात. डासांसाठी मलम किंवा मच्छरदाणी न्यावी. आणि ज्याच्या जागेत राहाल, तो जे सांगेल ते पहिल्याच वेळी ऐकावे. आम्ही दुसऱ्या वेळी ऐकले. सुदैवाने पाणी घोटाभरच होते.

परतीच्या गाडीत भाची आईच्या मांडीवर झोपली होती. आम्ही आईला विचारले, "मग, कोण होतं तिथे आपलं?" ती खिडकीबाहेर पाहत होती. थोड्या वेळाने म्हणाली, "पुढच्या वर्षी मेच्या आधी जाऊ. नंतर त्यांची विहीर खारी होते."